मुंबईची वारी नाशिकमध्येच थांबावी

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची मुंबईची फेरी टळली. तिथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशके लावून धरलेल्या मागणीचे हे फळ आहे आणि ते त्यांना मिळायलाच हवे होते. आता ‘मग नाशिकला का नाही?’ हा प्रश्न ओघानेच येतो. नकाशा समोर ठेवला तर त्या प्रश्नात दम आहे, हेही मान्य करावे लागते. नाशिक महसूल विभागात पाच जिल्हे आहेत. त्यांपैकी धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर यांचे उच्च न्यायालयातले काम छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात चालते. विभागाचे मुख्यालय असलेला नाशिक जिल्हा तेवढा मुंबईच्या मुख्य पीठाकडे आहे. नाशिकरोडच्या विभागीय आयुक्त कार्यालयातून एकाच दिवशी दोन आदेश निघाले, एक येवल्याच्या शेतकऱ्याचा आणि दुसरा त्याला खेटून असलेल्या कोपरगावच्या शेतकऱ्याचा, तर त्यांना आव्हान देणारे दोन वकील दोन विरुद्ध दिशांच्या गाड्या पकडतात. हा विचित्रपणा खराच आहे. पण त्यावर उपाय म्हणून खंडपीठ मागणे मला चुकीचे वाटते. नाशिककराला मुंबई गाठावी लागते, यामागे अंतरापेक्षा कायद्याने घालून ठेवलेल्या वाटांचा हात जास्त आहे, आणि त्या वाटा नाशिकमध्येच संपवता येतात.

आजच्या हद्दी कोणी एका बैठकीत बसून, लोकांची सोय पाहून आखलेल्या नाहीत. मुंबई उच्च न्यायालय 1862 मध्ये सुरू झाले, तेव्हा मुंबई शहरासाठी मूळ शाखा आणि बाकीच्या मुलखासाठी अपील शाखा, अशी त्याची विभागणी झाली. नाशिक त्या मुलखाचा भाग म्हणून तेव्हापासून मुंबईला जोडलेले आहे. नागपूरला 1936 पासून स्वतःचे उच्च न्यायालय होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबईचे खंडपीठ झाले. मराठवाडा त्याच पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातून आला. त्याच्यासाठी 1981 मध्ये औरंगाबादला बैठका सुरू झाल्या, 1984 मध्ये तिथे कायम खंडपीठ झाले आणि शेजारचे खानदेश व नगर त्याला जोडले गेले. गोव्याला 1982 मध्ये पणजीचे खंडपीठ मिळाले. म्हणजे जिथे जुने राज्य विलीन झाले, तिथे त्या विलीनीकरणाची भरपाई म्हणून न्यायपीठ आले. नाशिक पहिल्यापासून ब्रिटिश मुलखात असल्यामुळे भरपाई मागावी असे त्याच्याकडून काही गेलेच नाही. कायद्याची वाट मोकळी आहे, हे मान्य. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51 प्रमाणे कायम खंडपीठासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो, पण दुसऱ्या ठिकाणी बैठका घ्यायला मुख्य न्यायमूर्तींचा निर्णय आणि राज्यपालांची मंजुरी पुरते. संभाजीनगरची सुरुवात तशीच झाली होती आणि कोल्हापूरचीही तशीच झाली. नाशिकसाठी उद्या असा आदेश निघाला तर त्याला बेकायदा कोणी म्हणू शकणार नाही. तो शहाणपणाचा ठरेल का, याचा विचार मात्र करायला हवा.

अंतर पाहू. कोल्हापूरहून मुंबई पावणेचारशे किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्गातून तर त्याहूनही दूर. नाशिकहून ते एकशे सत्तरच्या आसपास आहे. सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे, हा इथल्या वकिलांचा जुना शिरस्ता आहे. आता ज्यांना ‘आपले’ खंडपीठ आहे, त्यांच्याकडे पाहा. गडचिरोलीहून नागपूर जवळपास तेवढेच दूर आहे. नांदेडहून संभाजीनगरला जायला अडीचशे किलोमीटर पार करावे लागतात आणि नंदुरबारकरालाही दोनशेच्या बरेच पुढे जावे लागते. अंतराच्या निकषावर रांग लावली तर नाशिकचा क्रमांक बराच खाली लागेल. आणि ‘विभागातल्या इतर चार जिल्ह्यांबरोबर आम्हालाही संभाजीनगरला जोडा’ असे कोणी म्हणत असेल, तर तिथे जाण्यात नाशिकचे एक किलोमीटरही वाचत नाही. उलट रस्ता थोडा वाढतोच. प्रशासकीय नकाशाची घडी नीट बसावी, एवढ्यासाठी पक्षकारांनी का हिंडावे?

अंतराचा जाच कोणत्या पायरीवर होतो, हा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि खंडपीठांच्या चर्चेत तो सहसा येत नाही. अपिलात कागद बोलतात. पुरावा आधीच नोंदलेला असतो, वकील बाजू मांडतात आणि पक्षकार बहुतेक वेळा घरीच असतो. मूळ खटल्यात मात्र माणसाला स्वतः उभे राहावे लागते. साक्षीदाराला रोजगार बुडवून यावे लागते आणि तारीख पडली की पुन्हा यावे लागते. नाशिकचा इतिहासच याचा साक्षीदार आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. गुन्हा नाशिकचा, आरोपी आणि साक्षीदार याच भागातले. पण खटला 1908 च्या विशेष कायद्याखाली मुंबईत तीन न्यायमूर्तींपुढे चालला. तिथे ज्युरी नव्हती आणि अपीलही नव्हते. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना एप्रिल 1910 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. शंभर वर्षांनंतर, कायदा पार वेगळा आणि हेतूही वेगळा, पण विशेष कायदा आला की खटला गावाबाहेर जातो ही रीत टिकली. 29 सप्टेंबर 2008 च्या मालेगाव स्फोटाचा खटला राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या मुंबईतील विशेष न्यायालयात चालला. त्यात सरकार पक्षाने 323 साक्षीदार तपासले आणि 31 जुलै 2025 रोजी सातही आरोपींची निर्दोष सुटका झाली. निकालाच्या गुणदोषांत इथे जायचे नाही. मालेगावच्या जखमींना आणि मृतांच्या नातेवाइकांना पावणेतीनशे किलोमीटरवरच्या न्यायालयात इतकी वर्षे हेलपाटे घालावे लागले, आणि नाशिकला खंडपीठ असते तरी त्यातला एकही टळला नसता. विशेष न्यायालयाला नेहमीची जागा सोडून दुसरीकडे बसण्याची मुभा त्याच कायद्याने दिलेली आहे. ती वापरली असती तर मात्र हे हेलपाटे कमी झाले असते.

आता नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या वाटांकडे येऊ. आपल्याकडे अमेरिकेसारखी केंद्राची न्यायालये वेगळी आणि राज्याची वेगळी, अशी रचना नाही. निफाडच्या दिवाणी न्यायाधीशापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच उतरंड आहे आणि केंद्राचा कायदा असो की राज्याचा, तो याच उतरंडीत लावला जातो. त्यामुळे कोणते प्रकरण कोणत्या पायरीवर संपवायचे, हे ठरवण्याला फार महत्त्व येते. दिवाणी दाव्यांत ते पैशावर ठरते. महाराष्ट्र दिवाणी न्यायालये अधिनियम हा मूळचा 1869 चा कायदा. दाव्याची किंमत एका मर्यादेच्या आत असेल तर पहिले अपील जिल्हा न्यायालयात चालते आणि मर्यादा ओलांडली की थेट उच्च न्यायालयात जाते, हे तो सांगतो. ही मर्यादा वेळोवेळी वाढवली गेली, पण गंगापूर रोडवरच्या भूखंडाच्या भावाशी तिने कधी बरोबरी केली नाही. याचा अर्थ विचार करण्यासारखा आहे. कमी किमतीच्या दाव्यात वस्तुस्थितीबद्दल जिल्हा न्यायाधीशाचा शब्द शेवटचा मानला जातो. 1976 च्या दुरुस्तीनंतर दुसरे अपील कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दाखल होते. मात्र दाव्याची रक्कम वाढली की त्याच न्यायाधीशाच्या निवाड्यावर भिस्त ठेवायला कायदा कचरतो. साक्षीदार खरे बोलतो की खोटे, हे ओळखण्याची न्यायाधीशाची कुवत मालमत्तेच्या भावाप्रमाणे कमीजास्त होते, असे कोणी उघडपणे म्हणणार नाही. कायदा मात्र तेच धरून चालतो.

काही वाटा तर रकमेचाही विचार करत नाहीत. मुंबई-आग्रा महामार्गावर अपघातात नवरा गेलेली बाई मोटार अपघात दावा प्राधिकरणात जाते. तिथे जिल्हा न्यायाधीशच बसतात. त्यांनी भरपाई ठरवली आणि विमा कंपनीला ती जास्त वाटली, तर रक्कम अगदी किरकोळ नसेल तेव्हा अपील थेट उच्च न्यायालयात जाते. कंपनीचे वकील मुंबईत असतातच. त्या बाईला मात्र मुंबईत नवा वकील शोधावा लागतो. कौटुंबिक वादांत तर आणखी उलटा प्रकार आहे. दाव्याची जागा कुटुंब न्यायालयाच्या हद्दीबाहेर असेल तर घटस्फोटाचा दावा तालुक्याच्या वरिष्ठ स्तर न्यायाधीशापुढे चालतो आणि अपील जिल्हा न्यायालयात होते. कुटुंब न्यायालयाच्या हद्दीत असेल तर 1984 च्या कायद्याप्रमाणे अपील उच्च न्यायालयात, तेही दोन न्यायमूर्तींपुढे. लोकांच्या सोयीसाठी म्हणून शहराला कुटुंब न्यायालय द्यायचे आणि त्याच पावलाने त्यांचे अपील मुंबईला पाठवायचे, हा कारभार कोणाच्या सोयीचा?

आणि मग महसुली वाट. जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला न्यायालयाचे पहिले दर्शन बहुधा इथेच घडते. फेरफाराला हरकत आली की प्रकरण मंडळ अधिकारी किंवा तहसीलदारापुढे चालते. त्याविरुद्ध अपील प्रांताकडे, दुसरे अपर जिल्हाधिकाऱ्याकडे, मग नाशिकरोडला अपर आयुक्तांकडे आणि त्यावर मंत्रालयात महसूल मंत्र्यांपुढे. राजकीय पदावरचा माणूस इथे न्यायाधीशाच्या भूमिकेत बसतो, आणि त्याच्या आदेशाविरुद्ध पुढे उच्च न्यायालयात रिट करता येतेच. इतक्या पायऱ्या चढून मिळते काय? फेरफाराची नोंद महसूल वसुलीपुरती असते, तिने मालकी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मालकी ठरवायची तर दिवाणी न्यायालयात जा. म्हणजे दहा-बारा वर्षे घासलेल्या वहाणांनिशी माणूस दिंडोरीच्या न्यायालयाच्या पहिल्या पायरीवर येतो आणि नव्याने दावा लावतो. या वाटेचा शेवट विभागीय पातळीवर करणे अवघड नाही, हे वनहक्कांच्या बाबतीत दिसून आले आहे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेल्या मोर्चात सुरगाणा, पेठ, कळवणचे आदिवासी शेतकरी मुंबईपर्यंत पायी गेले. वनजमिनीचे दावे नाकारले जात होते, ही त्यांची मोठी तक्रार होती. मूळ कायद्यात जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम होता. मे 2020 मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रांसाठी त्यावर विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली. ज्यांनी मुंबई पायी गाठली, त्यांच्यासाठी अपिलाची पायरी विभागाच्या ठिकाणी आणता आली. मग सातबाराच्या भांडणाला मंत्रालयाचा जिना चढायला का लावावे?

यावर जाणकार आक्षेप घेतील आणि ते हलके नाहीत. जिल्हा न्यायालयांवर आधीच डोंगर आहे, त्यांत अपिलांची भर कशाला, असे कोणी विचारेल. देशात पाच कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत आणि त्यांतली दहापैकी जवळपास नऊ तालुका व जिल्हा पातळीवरची आहेत, हे खरेच आहे. विधी आयोगाने 1987 मध्ये दर दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश मोजले आणि पन्नास हवेत असे सांगितले. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उद्दिष्ट पाच वर्षांत गाठायला सांगितले. आज मंजूर पदांचा आकडा एकवीसच्या आसपास घुटमळतो आहे. पण इथेच खंडपीठाचा हिशेबही करून पाहावा. मुंबई उच्च न्यायालयासाठी मंजूर पदे 94 आहेत आणि ती कधीच पूर्ण भरलेली नसतात. नागपूर, संभाजीनगर, पणजी, कोल्हापूर आणि मुंबई, सगळीकडचे न्यायमूर्ती त्यातूनच येतात. नाशिकला दोन-तीन पाठवायचे तर ते दुसरीकडून काढावे लागतील. उच्च न्यायालयाचे नवे न्यायमूर्ती नेमायला न्यायवृंद, केंद्र सरकार, राष्ट्रपती, असा लांबचा पल्ला आहे. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात, आणि पदे वाढवणे राज्य सरकारच्या हातात असते. खंडपीठासाठी जमीन, इमारत आणि न्यायमूर्तींची निवासस्थाने यांवर जो पैसा लागेल, त्यात केवळ अपिले ऐकणारे कितीतरी जिल्हा न्यायाधीश नाशिक, मालेगाव आणि निफाडला बसवता येतील.

दुसरा आक्षेप विश्वासाचा आहे. जिल्हा पातळीवर स्थानिक दबाव असतो, ओळखीपाळखी असतात, म्हणून वरचा डोळा हवा, असे बरेच ज्येष्ठ वकील मानतात. त्यांच्या अनुभवाला उडवून लावणे बरे नव्हे. पण वरचा डोळा कोणी काढून घेत नाही. राज्यघटनेच्या कलम 226 आणि 227 खालचे उच्च न्यायालयाचे अधिकार संसदेलाही काढता येत नाहीत, हे 1997 च्या चंद्रकुमार निकालाने पक्के केले आहे. धडधडीत अन्याय झाला तर मुंबईचे दार उघडेच राहील. फक्त प्रत्येक हरलेल्या पक्षकाराला त्या दाराशी जाण्याचा हक्क राहणार नाही. शिवाय याच न्यायाधीशांना सत्र न्यायाधीश म्हणून आपण जन्मठेप आणि फाशी देण्याचा अधिकार दिला आहे. फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही आणि सात वर्षांहून अधिक शिक्षेचे अपील तिथेच जाते. ती तरतूद जशीच्या तशी ठेवावी, कारण तिथे माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. भूखंडाच्या साठेखताला तेच संरक्षण कशाला?

नाशिकच्या मोठ्या प्रश्नांचे मग काय, हाही प्रश्न येईल. मोठे प्रश्न मुंबईतच जावेत, असे माझे मत आहे आणि त्याला गोदावरी साक्ष आहे. ही नदी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि काही तालुके ओलांडून अहिल्यानगरच्या हद्दीत गेली की उच्च न्यायालयाची हद्दही बदलते. वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याच्या वादात नाशिक-नगरचे शेतकरी व साखर कारखाने एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे होता. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 मध्ये आदेश दिला. त्याभोवतीच्या याचिका अखेर मुंबईत एकत्र ऐकल्या गेल्या आणि सप्टेंबर 2016 मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरणारा निकाल आला. नाशिकला तो कडू लागला. तो इथल्या पीठाने दिला असता तर मराठवाड्याने मानला असता का, आणि संभाजीनगरच्या पीठाने दिला असता तर नाशिकने? अशी प्रकरणे संख्येने थोडी असतात आणि त्यांना पक्षकारांपासून थोडे दूरचे न्यायपीठ असणे फायद्याचे ठरते. उच्च न्यायालयाचे खरे काम तेच आहे. अपघाताच्या भरपाईत पन्नास हजार इकडे की तिकडे, यात त्याचे न्यायमूर्ती गुंतून पडतात, म्हणून त्या कामाला वेळ उरत नाही.

मुंबई शहरापुरती ही गोष्ट विधिमंडळाला पटलेली आहे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेवरचा भार हलका व्हावा म्हणून तिथल्या नगर दिवाणी न्यायालयाची मर्यादा 1 कोटी रुपयांवरून 10 कोटींवर नेणारी दुरुस्ती अलीकडेच झाली. ज्या दाव्यांना पूर्वी उच्च न्यायालयच हवे असे मानले जाई, ते आता त्याच्या खालच्या न्यायालयात चालतात. जिल्ह्यांच्या अपिलांसाठी तसाच धडाका लावायला अडचण नाही, कारण न्यायालयांची रचना समवर्ती सूचीत आहे आणि दिवाणी न्यायालये अधिनियम हा राज्याचाच कायदा आहे. जमीन महसूल संहितेतून मंत्र्यांपुढची फेरतपासणी काढणेही विधिमंडळाच्याच हातात आहे. मोटार अपघात आणि कुटुंब न्यायालयाची अपिले केंद्राच्या कायद्यांत आहेत, तिथे संसदेला किंवा राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला दुरुस्ती करावी लागेल. त्याला वेळ लागेल, पण खंडपीठाला लागतो त्यापेक्षा कमी. जिल्ह्यातले आमदार आणि वकील संघ खंडपीठाच्या निवेदनावर सह्या गोळा करणार असतील, तर त्याआधी त्यांनी जिल्हा न्यायालयाकडून एक यादी मागवावी: गेल्या पाच वर्षांत नाशिकच्या निकालांवर उच्च न्यायालयात गेलेली अपिले किती, कोणत्या कायद्याखालची आणि किती रकमेची. विधेयकात कोणती मर्यादा लिहायची, ते त्या यादीवरून ठरवता येईल.